हातमोज्यांची दुसरी जोडी

नववीनंतर माझी शाळा सुटली, ती सुटलीच. वडील अंथरुणाला खिळले, आई कामाला जाऊ लागली आणि घराची जबाबदारी माझ्यावर आली. त्यामुळे लग्नानंतर इथे अमेरिकेत शॉमबर्गला येऊन, चाळिशीला टेकल्यावर बारावीच्या तोडीची परीक्षा देऊन मला कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. वर्गातल्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या. आपण चुकून इथे बसलोय आणि कुणीतरी येऊन उठवणार, असं सारखं वाटायचं.

पहिल्याच सत्रात तशी वेळ आली. सरावाच्या पुतळ्यावर जखमेचं ड्रेसिंग बदलून दाखवायचं होतं. निर्जंतुक सामान उघडलं की त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही, हातमोजा दुसऱ्या कशाला लागू द्यायचा नाही. मी पाठ फिरवली आणि नापास झाले. आठवड्याने दुसरी संधी होती. तीही गेली तर कोर्समधून नाव कमी. मग आठवडाभर मी घरी उशीला ड्रेसिंग केलं. माझे यजमान समोर पायऱ्यांची यादी घेऊन बसायचे. "नर्सबाई, पेशंटच्या अभ्र्याला हात लागला," म्हणायचे, आणि मी हसता हसता रडायचे. सकाळी दत्तमहाराजांपुढे एकच मागणं, या वेळी मला पास करा.

परीक्षेत अर्धं काम नीट झालं. जुनं ड्रेसिंग काढलं, हात धुतले, निर्जंतुक हातमोजे घातले, आणि गॉजची पट्टी उचलायला जाताना करंगळी पलंगाच्या कठड्याला लागली. अगदी निसटती. परीक्षक बाई मान खाली घालून लिहीत होत्या. कुणी पाहिलंय असं वाटलं नाही.

खरं सांगते, त्या क्षणी मला महाराज आठवले नाहीत. आठवली आई. लहानपणी ती सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करत असताना मी धावत जाऊन तिला शिवले होते. ती रागावली नाही. पुन्हा अंघोळ करते, देव थांबतो, एवढंच म्हणाली होती.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, तेही मोडक्या इंग्रजीत, की माझा हातमोजा कठड्याला लागला, मला दुसरी जोडी हवी. बाईंनी ड्रॉवरमधून जोडी काढून दिली आणि म्हणाल्या, "सावकाश घाल. मी थांबते."

अंगावर काटा आला. नवी जोडी सावकाश घातली आणि उरलेलं ड्रेसिंग पुरं केलं.

शेवटी बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. करंगळीची नोंद त्यांनी आधीच केली होती. "चूक सगळ्यांची होते," त्या म्हणाल्या. "तशीच पुढे गेली असतीस तर नापास केलं असतं. तू सांगितलंस, म्हणून पास."

गाडीत बसून घरी फोन लावला, तर शब्दच फुटेना. यजमानांना वाटलं, गेली परीक्षा. "असू दे गं. खिचडी टाकलीय, घरी ये," म्हणाले. मी त्यांना मध्ये तोडलं नाही. नापास झाले असते तरी माझं घर असंच राहिलं असतं, हे कानाने ऐकून घेतलं, आणि मग सांगितलं.

तेव्हापासून पास करा असं मी महाराजांना म्हणत नाही. चुकले तर मला दिसू द्या आणि सांगायचं बळ द्या, एवढंच म्हणते. पुढचं ते बघतात. भीती अजूनही येते. ती आली की हात जोडते, मग हात धुते आणि वॉर्डात जाते.