पंखा थांबला की खांबावर

पोळ्याला भरती, दसऱ्याला पहिला खांब. जबाबदार वीज ठेकेदार आणि ही निवड मान्य करणारे अभियंते. धुळ्यात आमच्या गल्लीला आलेला हा पन्नाशीचा नवा वायरमन पोळ्यापर्यंत हमाली करत होता. शिडीला नमस्कार करून तो समोरच्या घरात विचारतो, “अक्का, पंखा बंद शे ना?”

“बंद शे भाऊ, चढ आते!”

वीज गेल्याची एवढीच खूण त्याला शिकवली आहे. आज मी सांगितले, “पंख्याची तार मेली, तरी शेजारची जिवंत असू शकते.”

त्याचा चेहरा उतरला. “आबा, मी ते रोज बठ्ठ्या तारासले हात लावस.” रोज, सगळ्या तारांना!

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. “चढतो, साहेब,” म्हणत त्याने पाय उचलला. मी शिडी ओढून माझ्या ओट्यावर ठेवली. उद्या दुसरी येईल. याला पात्र कोणी ठरवले, ते अभियंत्यांनी त्यापूर्वी याच गल्लीत, सर्वांसमक्ष सांगावे.