जोडभिंगातली हवा

सुखदेवभाऊंना मी शेवटचं भेटलो ते बुलढाण्याच्या दवाखान्यात. कॉटवर उशीला टेकून बसले होते आणि सलाईनच्या नळीत अडकलेला हवेचा एक बुडबुडा बोटाने टिचक्या मारमारून वर पाठवत होते. नर्स रागावली, तर म्हणाले, "बाई, मधात हवा राह्यली का सगळं बिघडते." ती गेल्यावर त्यांनी नळी सोडली आणि माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सर, एकच गोष्ट मनात टोचून राह्यली. त्या गावविहिरीतलं जनावर म्याच मारलं... खरडलं नसतं तं वाचलं असतं." मी म्हणालो, "भाऊ, आराम करा. बोलू नका जास्त." एवढंच म्हणालो. तीन तास एसटीत हादरे खात घरी परत आलो आणि चौथ्या दिवशी सकाळी शीलावहिनींचा फोन आला, "सर, हे गेले." त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी त्यांच्याबद्दल चार ठिकाणी बोललो, चारही ठिकाणी चांगलं बोललो, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन कपडेही न बदलता पडून राहिलो. खरं ते पोटात ठेवून चांगलं बोलण्याचा इतका शीण येतो, हे मला या वयात कळलं.

सुखदेव तायडे आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते आणि मी विज्ञान शिकवायचो. संग्रामपूर तालुक्यातली आमची शाळा. सातपुड्याच्या पायथ्याकडून वारा आला की प्रयोगशाळेच्या खिडक्या आपोआप उघडायच्या आणि परीक्षानळ्या खणखणायच्या. चोवीस वर्षं आम्ही त्या एका खोलीत काढली. मस्टरवर त्यांचं काम काचा धुण्याचं होतं. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली काय ठेवायचं, हे तेच ठरवायचे. सकाळी येतानाच कुठल्यातरी विहिरीतलं नाहीतर नाल्यातलं पाणी बाटलीत भरून आणायचे आणि मला म्हणायचे, "सर, आज याच्यात मजा हाये." मी धडा शिकवायचो, मजा ते दाखवायचे. पोरांना काय आठवत असेल ते मी विचारत नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मी पेपर वाचायला आणि बायकोच्या पायात पायात करायला लागलो. सुखदेवभाऊ पाण्यात उतरले. त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने आपला जुना छोटा कॅमेरा आणि तो बसेल अशी पारदर्शक, पाणी न शिरणारी पेटी त्यांना देऊन टाकली होती. पोहण्यात माणूस पहिल्यापासून पटाईत. पण फोटोत काही येईना. पाण्यातला किडा हरभऱ्याएवढा, फोटोत तो ठिपका. मग कुठूनतरी मोबाईलवर वाचून त्यांनी एक भिंग मागवलं. जाड काच, भोवती धातूची कडी, पेटीच्या तोंडावर आट्यांनी फिरवून बसवायचं. त्याला ते जोडभिंग म्हणायचे. ते लावलं की डासाच्या अळीच्या अंगावरचे केस मोजता यायचे. चतुराच्या पिल्लाचा डोळा फोटोत टरबुजाएवढा दिसायचा.

पण जोडभिंगाचे नखरे फार. वस्तू भिंगापासून चार बोटांवर हवी, ना साडेतीन ना साडेचार. कॅमेऱ्याची नजर एकदा पक्की करून टाकायची आणि मग आपण स्वतः केसाकेसाने पुढेमागे सरकायचं. श्वास सोडला तरी चित्र हलतं, म्हणून तो धरायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंग पाण्याखाली गेल्यावरच लावायचं. काठावर कोरड्या हाताने लावलं तर पेटीची काच आणि भिंग यांच्या मधल्या पोकळीत हवा अडकते. पाण्यात नुसत्या डोळ्यांना ती दिसतही नाही, फोटोची मात्र वाट लागते. म्हणून आधी दोन्ही वेगवेगळं बुडवायचं, भिंग तिरपं करून मधला बुडबुडा बाहेर जाऊ द्यायचा आणि मग आटे फिरवायचे. हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. मी मास्तर. ऐकून घेण्याची सवय मला कमीच.

आमच्या गावविहिरीत पायऱ्या उतरून जाता यायचं. तिच्या शेवटच्या पायरीखाली, पाण्यातल्या दगडांवर हिरवट खडबडीत थर होता. आम्ही सगळे त्याला शेवाळ समजायचो. एका दुपारी सुखदेवभाऊ ओल्या अंगाने माझ्या ओट्यावर येऊन उभे राहिले. "सर, ते शेवाळ नाही. ते जनावर हाये. त्याले भोकं हायेत अन् ते पानी पिऊन राह्यलं." मी हसलो. त्यांनी फोटो दाखवला, थोडा अंधुक होता, पण हिरव्या अंगावरची बारीक तोंडं कळत होती. स्पंज! स्पंज समुद्रात राहतात असं मी अख्खी नोकरी शिकवलं. पुस्तकात पुढे 'काही जाती गोड्या पाण्यात' असं अर्धं वाक्य होतं, ते मी दरवर्षी घाईत सोडून द्यायचो. ते अर्धं वाक्य माझ्या घरापासून दोनशे पावलांवर दगडाला चिकटून बसलं होतं. त्या दिवशी मला लाजही वाटली आणि आनंदही झाला... आनंद थोडा जास्तच झाला, हे नमूद करतो.

मग पंचायतीने विहीर बुजवायचं ठरवलं, ग्रामसभेची मंजुरी तेवढी बाकी होती. यात कोणाचा दोष नव्हता. घरोघर नळ आले होते, विहिरीत कचरा पडायचा, एक वासरू पडून मेलं होतं. सुखदेवभाऊंना मात्र ते सहन होईना. मी म्हटलं, "भाऊ, एका विहिरीपायी काऊन एवढा जीव काढून राह्यले?" त्यांनी उत्तर दिलं, ते त्यांच्या नेहमीच्याच आवाजात. "सर, माह्या आज्याले या विहिरीत पोहरा टाकू देत नोते. बापाले दोन हात दुरून वाढून देत. माह्या वाट्याले आली तं ती बुजवून राह्यले. बुजवा म्हना, पन आतमधी कोन राह्यते ते एकदा पाहून तं घ्या." मी माझ्या घराच्या बाजूने या वाक्याचा विचार कधी केला नव्हता. आमचा पोहरा त्या विहिरीत पिढ्यान्‌पिढ्या जात होता.

एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं की भोकं स्वच्छ दिसतील असे फोटो पाठवा, विहीर राखावी असं पत्र मी ग्रामसभेसाठी देतो. आता नेमकं काय झालं पाहा. त्याच आठवड्यात सुखदेवभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पाणी लावायचं नाही, अशी डॉक्टरची सक्त ताकीद. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला म्हणून पात्याने नखाएवढा तुकडा दगडावरून खरडून घेतला होता, तेवढाच. फोटो काढायला आता मीच उरलो.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटाच उतरलो. सुखदेवभाऊ घरी डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसले होते आणि निघताना म्हणाले होते, "सर, पान्यात गेल्यावरच लावजा." थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं. वरच्या पायरीवर मी जोडभिंग हातात धरलं आणि मला भीती वाटली. माझी बोटं आखडलेली. पाण्याखाली लावताना हातातून निसटलं तर पार तळाशी जाणार, मग त्यांना काय तोंड दाखवू? म्हणून मी तिथेच, कोरड्यात, आटे घट्ट फिरवले आणि मग उतरलो. चष्मा काठावर, डोळ्यांना पोहण्याचा गॉगल. पडद्यावर मला हिरवा रंग सोडून काही दिसत नव्हतं. चार बोटं मोजली, श्वास धरला, बटण दाबत गेलो. साठ-सत्तर फोटो काढून दात वाजवत, मोठा तीर मारल्यासारखा वर आलो.

घरी संगणकावर पाहिलं. प्रत्येक फोटोत मधोमध अडकलेल्या हवेची एक चंद्रकोर, अर्धं चित्र फुगलेलं, अर्धं विरघळलेलं. एकाही फोटोत एकही भोक दिसत नव्हतं. चोवीस वर्षं ज्यांनी माझ्या काचा धुतल्या त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती आणि तीही मला करता आली नव्हती. सकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा खरं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. ते दारातच उभे होते. "आलं का सर?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही भाऊ. तिथं काहीच नाही दिसलं. नुसता दगड हाये."

"एकबी नाही?"

"नाही."

ते खाली बसले. "मंग म्या खरडलं त्याच्यानंच सडलं असन... जखम झाली असन त्याले." तेव्हाही बोलता आलं असतं. सभा दुपारी होती, पुन्हा उतरायला पुरते दोन-तीन तास हातात होते. मी चहा प्यायलो. सभेत सुखदेवभाऊ हात वर करतील म्हणून सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते पट्टी नसलेला डोळाही मिटून शेवटपर्यंत गप्प बसले. दोन दिवसांनी टिप्पर आले, मुरूम पडला. आज तिथे बसायला सिमेंटचे बाक आहेत. मी त्यांच्यावर बसत नाही, पण त्याने काही फरक पडत नाही.

त्यानंतरची तीन वर्षं आम्ही बरोबर हिंडलो. वाण नदीच्या डोहात, लोकांच्या शेततळ्यांत, वरवट बकालच्या बाजाराहून येताना दिसेल त्या नाल्यात. ते पाण्यात, मी काठावर बॅटरी धरून. त्यांनी पुन्हा कधी काही खरडलं नाही. गोगलगायीची अंडी चिकटलेलं पानसुद्धा ते उचलायचे नाहीत, आपणच मान वाकडी करून पाण्यात आडवे व्हायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "एकदा चुकलो नं सर." दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता इतके दिवस झाले, कशाला. असं करता करता माणूस दवाखान्यात गेला आणि तिथेही मी त्यांना आराम करायला सांगितलं.

जलदान विधीच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवून गेले, तेव्हा शीलावहिनींनी मला आत बोलावलं आणि स्टीलचा एक चपटा डबा हातात दिला. "सर, हे तुमाले द्याचं म्हनून सांगतलं होतं. कॅमेराबी घेऊन जा. आमच्यात पान्यात कोन जाते आता?" घरी येऊन डबा उघडला. मऊ फडक्यात गुंडाळलेलं जोडभिंग होतं आणि त्याखाली कागदाची पुडी, वर त्यांच्या अक्षरात 'गावविहीर'. आत तो खरडलेला तुकडा. वाळून करडा झालेला, बोट लावलं की भुगा होईल असा. जोडभिंग डोळ्याला लावून पाहिलं तर त्या भुग्यात खसखशीएवढे पिवळट दाणे अडकले होते.

मी जुनं पुस्तक काढलं. ते अर्धं वाक्य आणि त्याच्या पुढचंही वाचलं. गोड्या पाण्यातला स्पंज दिवस कठीण आले की असे दाणे करून ठेवतो. स्पंज मरतो, दाणे वाळून पडून राहतात आणि पाणी मिळालं तर कधीकधी त्यांतून पुन्हा जीव उगवतो. म्हणजे ते ज्याला आपला गुन्हा समजत होते, त्या खरडण्यामुळेच त्या विहिरीतलं एवढं काहीतरी मुरुमाखाली जायचं राहिलं होतं. आणि हे त्यांना सांगायला मी सात आठवडे... नाही, तीन वर्षं उशीर केला. ज्यांना मी सभांमधून चांगलं बोलून दाखवलं त्यांनी हेही वाचावं, म्हणून लिहीत आहे. तो स्पंज सुखदेव तायडे यांनी मारला नाही. तो त्या दिवशी जिवंत होता. त्याचा हिरवा रंग मी पाहिला होता आणि नुसता दगड आहे म्हणालो होतो.

रुंद, खोल काचेच्या भांड्यात मी तो भुगा ठेवला आहे. नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून रोज डोहातलं पाणी आणून बदलतो. गुडघे दुखतात, पण जातो. सकाळी चष्मा लावतो, पेटी बुडवतो, जोडभिंग वेगळं बुडवून तिरपं करतो आणि बुडबुडा निघून जाईपर्यंत थांबतो. मगच आटे फिरवतो. पंधरा-वीस दिवस काहीच दिसलं नाही, दिसेल असं वाटतही नव्हतं. परवा चार बोटं मोजली, श्वास धरला आणि एका दाण्याच्या कडेला पांढरट, पातळ काहीतरी पसरलेलं दिसलं. चित्र अगदी स्वच्छ होतं.

"भाऊ, या बरं इकडे," मी मोठ्याने म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कोनाले हाक मारून राह्यले?"