चाक फिरतंय तोवर

"आधी दिवे, मग देव," असं म्हणत मास्तर डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक करायचे. समोर छोटा प्लास्टिकचा गणपती चिकटवलेला असे. नवीन शिकणारी माणसं गाडीत बसल्या बसल्या त्याला हात जोडायची आणि मास्तर त्यांना तिथेच अडवायचे. चावी फिरवायची, कुठले दिवे लागतात ते बघायचं, कुठले विझतात ते बघायचं, मग नमस्कार. "तो कुठे पळून जात नाही. दिवे पळतात."

लालबागच्या नाक्याजवळ एका गाळ्यात त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि बाहेर डोक्यावर लाल 'एल' लावलेली पांढरी गाडी. अशी माणसं तुमच्याही भागात असतील. अर्ध्या वस्तीने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळलेला असतो, पण त्यांचं नाव विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. हौस म्हणून नव्हे. आईला दर महिन्याला इस्पितळात न्यावं लागायचं आणि जवळचं भाडं म्हटलं की टॅक्सीवाले मान फिरवायचे. मी ऑफिसात पन्नास माणसांच्या रजा, चहा आणि कुरियर सांभाळते. टॅक्सीवाल्यांच्या मर्जीवर आईची औषधं अवलंबून ठेवणं मला परवडणारं नव्हतं. शिकायला किती दिवस लागतील, असं पहिल्याच दिवशी विचारलं. मास्तर म्हणाले, "ताई, चालवायला पंधरा दिवस. थांबवायला जरा जास्त."

थांबवणं हाच त्यांचा खरा विषय. बाकीची स्कुलं क्लच, गिअर आणि आठचा आकडा शिकवून सोडून देत. मास्तर रविवारी सकाळी शिवडीच्या बंदराकडच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचे. मालाचे ट्रक त्या दिवशी नसत. गाडी चांगल्या वेगात आली की ते मासळीच्या गप्पा सुरू करायचे. "काल बांगडा ताजा मिळाला. आमच्या हिने तिरफळं घालून असं काही..., मारा."

'मारा' म्हणजे ब्रेक. आवाज न चढवता, त्याच सुरात. बांगड्याच्या कालवणात गुंगलेला माणूस दचकून अर्धवटच ब्रेक दाबायचा. मग पुन्हा फेरी, पुन्हा बांगडा. कुठल्या वाक्यात 'मारा' येईल याचा नेम नसे.

मी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने दाबला तेव्हा पायाखालून उंदीर पळाल्यासारखं झालं. पेडल थरथरलं, खालून घरघर आली. मी घाबरून पाय उचलला. मास्तर चिडले. "गाडी काम करत होती, तुम्ही तिचा हात का सोडलात?"

मग त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारं यंत्र, समजावलं. चाळीतल्या नळाजवळची शेवाळलेली फरशी आठवा, म्हणाले. घसरायला लागल्यावर दोन्ही पाय रोवून उभे राहिलात तर सरळ नळावर आपटाल. छोटी छोटी पावलं टाकत राहिलात तर बाजूला वळता येतं. गाडीचंही तेच. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाक फिरायचं बंद होतंय असं दिसलं की यंत्र त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतं, पुन्हा आवळतं, पुन्हा सैल करतं. तुमच्या पायाला जमणार नाही इतक्या भराभर. म्हणून पेडल थरथरतं. आपण फक्त दाबून धरायचं आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग वळवायचं. ब्रेक सोडून दाबणं, सोडून दाबणं ही जुन्या ड्रायव्हरांची सवय विसरायची.

"चाक फिरतंय तोवर गाडी तुमचं ऐकते," ते म्हणाले. "चाक अडकलं की ती तुमची राहत नाही."

हे वाक्य मी पुढे ऑफिसातसुद्धा वापरलं आहे.

त्यांना नव्या यंत्रांचं कौतुक होतं आणि थोडी चीडही. शिवाजी पार्ककडचे एक निवृत्त डॉक्टर मुलाने घेऊन दिलेली नवी कोरी गाडी घेऊन सरावाला आले होते. काचेच्या मागे कॅमेरा, पुढे रडार. समोर अडथळा दिसला की आधी किंचाळणारी आणि तरी पाय हलला नाही तर स्वतःच ब्रेक लावणारी. भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर एक हातगाडी आडवी येताच ती अशी काही थांबली की डॉक्टरांचा चष्मा मांडीवर पडला. मास्तर परत येऊन सांगत होते, "आपल्यापेक्षा गाडीच जास्त भित्री. लालबागमधून तिला न्यायचं म्हणजे दर दहा पावलांवर तिला चक्कर येणार." पण लगेच गंभीर होऊन म्हणाले की माणूस मोबाइलकडे बघत असतो तेव्हा कुणीतरी पुढे बघायला हवंच.

रस्त्यावर मात्र त्यांची भाषा बदलायची. कुणी गाडी आडवी घातली की काच खाली करून मालवणीत सुरू. "मेल्या, बापाशीचो रस्तो काय रे?" आणि काच वर करून पुन्हा शुद्ध मराठीत, "तुम्ही आरशात बघा, ताई."

लायसन्स मिळालं. सेकंडहँड गाडी घ्यायची ठरली. मी बघायच्या गोष्टींची यादी केली आणि मास्तरांना दाखवली. त्यांनी ती वाचून एकच भर घालायला सांगितली. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी काढून टाकलाय. लागून तसाच राहिला तर यंत्र बिघडलंय. दोन्हीपैकी काही झालं तर गाडी कितीही चकचकीत असू दे, उतरायचं आणि चालू लागायचं.

मी तीन गाड्यांतून उतरून चालू लागले. चौथी मास्तरांनीच सुचवली. त्यांच्या मेहुण्याची. तो कायमचा गावी चालला होता. "घरचीच गाडी आहे," ते म्हणाले. मी चावी फिरवली, पिवळा दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. मास्तर शेजारी बसले आणि आम्ही शिवडीच्या त्याच रस्त्यावरून चक्कर मारून आलो. त्या दिवशी ते बांगड्याबद्दल बोलले नाहीत. 'मारा' म्हणाले नाहीत. मीच विचारलं, ब्रेक मारून बघू का? तर हसून म्हणाले, "आता तुमची परीक्षा संपली, ताई. तुम्हाला काय तपासायचं?"

मला बरं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं की मास्तरांनी मला पास केलं.

दीड-दोन वर्षं गाडी नीट चालली. मी हळू चालवते, अंतर ठेवते. ब्रेक जोरात मारायची वेळच आली नाही. मग एका सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते. पुलाच्या उतारावर पुढचा पाण्याचा टँकर गळत गेला होता, रस्ता ओला होता. खाली बर्फाच्या लाद्या घेऊन एक हातगाडी बाजूच्या गल्लीतून अचानक समोर आली.

मी शिकवल्याप्रमाणे केलं. पूर्ण ताकदीने दाबला, दाबून धरला, डावीकडे वळवलं. पायाखाली उंदीर पळाला नाही. पेडल दगडासारखं. टायर किंचाळले आणि स्टिअरिंग डावीकडे असतानाही गाडी नाकासमोर सरळ गेली. हातगाडीवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. त्याच्या गाडीचं टोक उडवून आम्ही दुभाजकावर आपटलो. आईने आधारासाठी हात पुढे केला होता. तिचं मनगट मोडलं.

गाडी परळच्या गॅरेजात गेली. तिथल्या मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी बोलावून डॅशबोर्ड उघडून दाखवला. एबीएसचं यंत्र आधीपासूनच मेलेलं होतं. दिव्याची मूळ वायर कापली होती आणि दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून दिला होता. चावी फिरवली की दोन्ही लागणार, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार.

"खरा दिवा इंजिन सुरू करायच्या आधीच विझतो, मॅडम," तो म्हणाला. "पण एवढं कोण बघतं? लागला, विझला, खूश." मग म्हणाला, "तुम्ही एकदा पाय सोडून पुन्हा दाबला असता तर वळली असती गाडी."

मी पाय सोडला नव्हता. सोडायचा नसतो, हे मला पक्कं माहीत होतं.

स्कुलात गेले तेव्हा मास्तर डबा खात होते. मी अपघात सांगितला, आईचा हात सांगितला, दिव्याच्या वायरीचं सांगितलं. मनात एवढंच होतं की ते दचकतील, मेहुण्याला मालवणीत चार शिव्या घालतील. मग आम्ही दोघं मिळून त्याच्यावर चिडू. त्यांनी वायर कुठे जोडली होती हेसुद्धा विचारलं नाही. चपातीचा तुकडा हातात तसाच धरून बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"त्याला तातडीने निघायचं होतं. घरातली गोष्ट, बायकोचा भाऊ," ते म्हणाले. "आणि ताई, तुम्ही जपून चालवता. दुसऱ्या कुणाला मी ती दिली नसती. तुम्हाला ते यंत्र कधी लागलंच नसतं."

मी काय काय पाहणार, कोणत्या क्रमाने पाहणार, हे या जगात एकाच माणसाला माहीत होतं. मी कशी चालवते, हेही. त्या दोन्हींचा हिशोब करूनच गाडी माझ्यापर्यंत आली होती. मी निघून आले. बोलायला शब्द नव्हते असं नाही, पण ते डबा खात होते.

चार-पाच दिवसांनी मास्तर घरी आले. हातात दोन शहाळी. आई प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून बसली होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिला हे झेपेल तेव्हा सांगू असं ठरवलं होतं. तिने मास्तरांना खुर्चीवर बसवलं, मला चहा ठेवायला सांगितला आणि चांगल्या हाताने त्यांना नमस्कार केला.

"मास्तर, तुम्ही हिला शिकवलंत म्हणून आम्ही दोघी आज जिवंत आहोत," आई म्हणाली. "हिने ब्रेक असा धरून ठेवला होता, मी बघत होते ना. हातगाडीवाल्याच्या जिवावरचंही टळलं ते तुमच्यामुळेच."

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचं आधण विसरून उभी राहिले. वाटलं, आता सांगतील. एक वाक्य पुरेल. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"हुशारच आहे ती," ते म्हणाले. "आपण काय, निमित्तमात्र."

चहा प्यायले. आईच्या औषधांची चौकशी केली. हाडाला नाचणी चांगली, असं सांगितलं. निघताना मी दारापर्यंत गेले. चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, "आईंना सांगितलं नाहीत, बरं केलंत."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," मी म्हटलं.

त्यांनी चपलेत पाय नीट सरकवला, कठडा धरला आणि जिना उतरून गेले.

आता त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मास्तर गावी गेले असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं शीवच्या बाजूला शिकवतात. आईचं मनगट जुळलं, थोडं वाकडं जुळलं. ती अजून अधूनमधून विचारते, मास्तर पुन्हा आले नाहीत गं, एवढा चांगला माणूस. मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्या मनात तरी ते तसेच राहू देत, असं वाटतं, आणि तसं वाटलं की माझाच मला राग येतो.