वन्सं आणि ड्रमचा पट्टा

जगात जे जे म्हणून टांगलं जातं ते चुकीचंच टांगलं जातं, यावर माझ्या थोरल्या नणंदेचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. भिंतीवरचं कॅलेंडर असो, दाराआडची छत्री असो की परक्या माणसाच्या खांद्यावरची पिशवी असो, वन्संचा हात तिथे गेलाच म्हणून समजा. बाजारातून येताना त्यांना दोन्ही हातांत सारखं वजन लागायचं. एका पिशवीत बटाटे आले की दुसरीत तेवढेच कांदे, मग घरी टोपलीभर पडलेले का असेनात. "अहो वन्सं, कांदे आहेत की घरी!" म्हणावं, तर म्हणायच्या, "हे खायला नाहीत गं, हाताला आणलेत." त्या आमच्याकडे राहायला आल्या की आम्ही महिनाभर कांद्याची भजी खायचो. एकदा मालाडला बसस्टॉपवर त्यांनी पुढच्या कॉलेजकुमाराची झोळी न विचारता या खांद्यावरून त्या खांद्यावर केली. तो दचकून म्हणाला, "क्या यार आंटी!" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "यार म्हण, आंटी म्हण, पण असाच लटकवत राहिलास तर चाळिशीत वाकडा होशील रे." मी बाजूला सरकून दुसऱ्याच रांगेत उभी राहिले. आपली ओळख नाही असं दाखवण्यात शहाणपण असतं.

मी तेव्हा गोरेगावच्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवायची. शाळेचा बँडही माझ्याच गळ्यात पडला होता. त्या वर्षी मी हट्टाने चार मुलींना साइड ड्रम दिले. सातवीतल्या पोरी, अंगाने काड्या. ड्रम एकाच खांद्यावरच्या चामडी पट्ट्याला लोंबायचा आणि प्रत्येक पावलाला डाव्या गुडघ्यावर आपटायचा. त्यातली शैला वाजवायला अशी झकास की ऐकत राहावं, पण तिचे खांदे इतके उतरते की पट्टा घसरून कोपरात यायचा. मुख्याध्यापकांनी एक दिवस बघितलं आणि म्हणाले, "बाई, सव्वीस जानेवारीच्या संचलनात ड्रम घसरला ना, तर पुढच्या वर्षापासून ड्रम मुलांकडे. मुलींना झांजा देऊन टाका." शैला तिथेच उभी होती. संध्याकाळी तिला घेऊन घरी आले, तर चहाच्या कपापुढे बसून ती मुसमुसत म्हणाली, "बाई, मला झांज नको हो."

वन्सं तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावरचा निळा डाग बघितला आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही ड्रम वाजवतेय कुठे, ड्रमच हिला वाजवतोय!"

झालं! दुसऱ्या दिवशी बँडचं सामान विकणाऱ्या दुकानात आमची स्वारी हजर. दुकानदाराने आधी एक लोखंडी सांगाडा काढला, खांद्यावरून पोटापर्यंत येणारा. वन्संनी तो उचलला आणि खाली ठेवला. "मुलगी ड्रम वाजवणार आहे, नांगराला जुंपायची नाहीये." मग त्यांनी एकेक पट्टा साडीवरून चढवला, ड्रम लावला आणि फुटपाथवर चालायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "बहनजी, आरशात बघा ना, किती छान दिसतंय." वन्सं म्हणाल्या, "उभं राहून सगळेच सुखी असतात. चालून बघावं." हे त्यांचं आवडतं वाक्य. चपलेपासून स्थळापर्यंत त्या सगळ्यांना ते लावत. शेवटी त्यांनी दोन्ही खांद्यांवरून जाणारा, पाठीवर फुलीसारखा ओलांडणारा रुंद कापडी पट्टा पसंत केला आणि तसे चार घेतले. बकल सरकवून लांबी कमीजास्त होत होती. पट्ट्याखाली खांद्यावर ठेवायला त्यांनी घरी जुन्या गोधडीच्या गाद्या शिवल्या.

पण स्वतः वापरल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही हा त्यांचा नेम. त्यामुळे पुढचा आठवडाभर वन्सं ड्रम अडकवून दूधकेंद्रावर गेल्या, गिरणीत गेल्या, पोळ्याही त्यांनी ड्रमच्या वरून हात लांब करून लाटल्या. खालच्या मजल्यावरच्या मालवणी आजीने विचारलं, "गो बाय, वरात खंयची?" वन्सं म्हणाल्या, "तुझ्याच झिलाची. अक्षता घेऊन ये!" माझे यजमान घराबाहेर पडायचेच बंद झाले.

रंगीत तालमीला पोरी आल्या त्या ताठ, हसऱ्या. ड्रम जागचा हलेना. मुख्याध्यापकही मान डोलवायला लागले. तेवढ्यात मी हुकूम दिला, "दाहिने देख!" आणि चारही पोरी एकदम "आई गं!" म्हणून किंचाळल्या. पाठीवरच्या फुलीत त्यांच्या लांब वेण्या अडकल्या होत्या, मान वळेचना. वन्संना हे कळणार कसं? त्यांचा आपला अंबाडा! मुख्याध्यापक म्हणाले, "बघा बाई, मी म्हटलं नव्हतं?" माझी तर वाटच लागली. वन्सं मात्र मैदानात घुसल्या, पदर खोचला, चौघींच्या वेण्या दुमडून कानामागे लाल रिबिनींनी घट्ट बांधल्या आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "साहेब, चूक माझ्या डोक्याची आहे, त्यांच्या खांद्यांची नाही." मग माझ्याकडे वळून, "पुन्हा हुकूम दे गं!" दिला. चार माना खटकन वळल्या.

संचलनाच्या दिवशी सगळे लोक बँड ऐकत होते, वन्सं फक्त खांदे बघत होत्या. शैला पुढे होती. ड्रम तिळभर घसरला नाही, आणि ती वाजवत होती ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मंचासमोरून गेल्यावर मुख्याध्यापक माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पुढच्या वर्षी अजून दोन मुली घ्या." मैदान सुटल्यावर वन्संनी शैलाला गाठलं. "कुठे दुखतंय? खरं सांग."

"कुठंच नाही, मावशी," ती म्हणाली आणि उड्या मारत पळाली.

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. हात मात्र स्वतःचा डावा खांदा चोळत होता. तो खांदा जरा खाली उतरलेला आहे हे मी लग्नापासून बघत आले होते. विचारलं, "वन्सं, तुमचा खांदा दुखतो का हो?"

"माझा ना? लहानपणापासून दुखतो गं. आई शेतावर जायची. तुझ्या नवऱ्याला काखोटीला मारून आणि कळशी घेऊन सगळा घाट चढायचे मी."

"आणि कधी बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही कधी." त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं.

पोरींसाठी नेलेल्या लाडूंच्या डब्यांच्या दोन पिशव्या त्यांच्या हातात होत्या, अर्थात सारख्या वजनाच्या. मी दोन्ही काढून घेतल्या; माझी पर्स उजव्या खांद्यावर होतीच. मला वाटलं, आता भांडतील. पण रिकाम्या हातांनी चालायची सवय नसल्यासारख्या माझ्या शेजारून चालत राहिल्या. थोडं पुढे गेल्यावर थांबल्या, माझ्या उजव्या पिशवीतला पाण्याचा फिरकीचा तांब्या काढून डाव्या पिशवीत ठेवला, माझे खांदे एकदा नीट बघून घेतले आणि म्हणाल्या, "हं, आता चल."