एक प्यादं जास्त

देवाने कोकणात घाई नावाची वस्तू पाठवलीच असेल, तर ती माझ्या बायकोच्या मामांचं मांडवीतलं घर चुकवून पुढे गेली असली पाहिजे. मामा चहा गार होईपर्यंत थांबतात, आंबा पिकला तरी आणखी एक दिवस त्याचा नुसता वास घेतात, आणि बुद्धिबळात समोरच्यापेक्षा एक प्यादं जास्त झालं की त्यांची समाधीच लागते. हत्तीला हत्ती, घोड्याला घोडा अशी मारामारी उरकून पट मोकळा करायचा आणि मग अर्धे डोळे मिटून, समुद्राकडे बघत, ते प्यादं एकेक घर पुढे न्यायचं. "वजिराने कोणीही मारील हो जावईबापू. सुख प्याद्याने मात करण्यात आहे," असं ते मला नेहमी सांगतात. पडवीत वारा असतो, गाज असते, बघणाऱ्यालाही गुंगी येते. मी एकदा खुर्चीतून पडलोय.

खेळणार मात्र जुन्या देशी नियमांनी. त्यात समोरचा राजा अगदी एकटा उरला तर बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीत. त्यामुळे जिंकायचं तर शत्रूचं शेवटचं प्यादं जपावं लागतं. शत्रू म्हणजे शेजारचे निवृत्त मास्तर, मामांचे लहानपणापासूनचे मित्र. हरायला लागले की ते आपलं प्यादं मामांच्या राजापुढे आणून ठेवत आणि म्हणत, "खा मेल्या, खा." मामा पाहुण्याला द्यावी तशी त्याला वाट करून देत.

गेल्या महिन्यात मास्तरांच्या मुलाने त्यांना कायमचं मुंबईला न्यायचं ठरवलं. मास्तर एकटे, त्यात गुडघे धड नाहीत. त्याचंही बरोबर होतं. जायच्या आदल्या दुपारी दोघे बसले. मामांचं प्यादं जास्त झालं, तेव्हा मला वाटलं, चहापर्यंत संपेल. कसलं काय. मामांचा राजा हवा खायला निघाल्यासारखा पटभर हिंडू लागला. मात समोर दिसत होती, मलासुद्धा, आणि मला तर उंट तिरका जातो एवढंच कळतं. सांगायला मी तोंड उघडलं आणि मामांचा चेहरा पाहून गप्प बसलो. त्यांना तो डाव संपवायचाच नव्हता. खाडीपलीकडे भाट्याकडचे माड काळे दिसायला लागले तरी राजा आपला चालतोच आहे.

शेवटी मास्तरच म्हणाले, "पुरे कर आता. सामान बांधायचंय मला."

मामांनी प्यादं सरकवलं. प्यादेमात. एरवी अशी मात झाली की ते आठवडाभर गल्लीत सांगत फिरतात. त्या दिवशी पटाकडे बघेनात.

"मुंबईत मला इतक्या सावकाश कोण हरवणार रे?" मास्तर म्हणाले.

"मग जाऊ नको," मामा कधी नव्हे ते लगेच बोलले.

"पोराने तिकीट काढलंय."

मास्तर उठले खरे, पण चपला पायात घालायला त्यांना फार वेळ लागला.