पाचवीच्या ताटावरचे उंदीर

उंदरांचे माझ्यावर उपकार आहेत असं मी चारचौघांत म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील. काढू देत. बीदरजवळच्या नौबादमधल्या आमच्या घरात मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल देवापुढं हात जोडायला मी कुणाला विचारायला जाणार नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एकुलती एक. लग्न झाल्यापासून हैदराबादेत, जावयाची कंपनीची नोकरी. कधी आलीच तर एक मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी बीदरच्या स्टँडवरून परत बस धरायची. तिच्या डोक्याला धड तेल लावायलाही मला सवड मिळायची नाही. आता बाळंतपणाचे तीन महिने ती माझी, असं मी मनात पक्कं धरून बसले होते. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, बाळंतशेपा सगळं आणून डबे भरले होते.

उंदीर तसे आधीपासून होतेच. आमच्या ह्यांनी त्या वर्षीची तूर भाव चढेल म्हणून विकली नव्हती. पोती शेतातून आणली आणि समोरच्या खोलीत छतापर्यंत रचली. भाव काही चढला नाही, पोत्यांवर उंदीर तेवढे चढले. मी रोज ओरडायची, आणि हे रोज "बघू की" म्हणायचे. ह्यांचं "बघू की" म्हणजे काय ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलेलं आहे.

दवाखान्यातून लेक आणि नातू घरी आले आणि लगेच पाचवी आली. लेकीची सासू, म्हणजे माझी विहीण, त्यासाठी बसवकल्याणहून, आम्ही नुसतं कल्याणच म्हणतो, मुक्कामाला आली. बाई उंच, कपाळ मोकळं, बोलणं फटकळ. आदल्याच वर्षी त्यांचे मालक गेले होते. नातवासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं अंगडं-टोपडं शिवून आणलं होतं. आमच्याकडं बाळाला पहिलं कापड नवं घालत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालतात, म्हणजे बाळाला त्या माणसाचं आयुष्य आणि माया लाभते. टोपडं कशाचं म्हणून मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ह्यांच्या धोतराचं." एवढंच म्हणाल्या आणि बाळाच्या हनुवटीखाली बंद बांधत बसल्या.

पाचवीला आम्ही पाटा-वरवंटा पूजतो. त्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी गूळ, खोबरं, भात, ज्वारी असं ताट बाळाच्या उशाशी मांडायचं, दिवा लावायचा, आणि उजाडेपर्यंत त्या ताटाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. मी सगळं यथासांग केलं. घर उंदरांनी भरलेलं, आणि बाळाच्या उशाशी गूळखोबरं ठेवून आम्ही सगळे हात जोडून बाजूला झालो! त्यात बाळाची टाळू तेलानं थबथबलेली, उकडतंय म्हणून सोडून ठेवलेलं टोपडं त्याच तेलात भिजलेलं. असली अक्कल आमच्याच लोकांना सुचू जाणे.

सकाळी ताटात खोबऱ्याची नुसती पाठ उरली होती. गूळ गायब. आणि टोपडं अर्धं कुरतडून नेलेलं, बंद तेवढे शाबूत. बाळाला ओरखडासुद्धा नव्हता. आम्ही त्याची दहाही बोटं, कान, नाकाचा शेंडा सगळं उजेडात धरून पाहिलं. त्या रात्री काय होऊ शकलं असतं हे आठवलं की, झालं नाही म्हणून आजही मी देवघराकडं बघते.

विहीणबाईंनी ते अर्धं टोपडं हातात घेतलं. मग म्हणाल्या, "बारसं झालं की सुनंला आन् लेकराला म्या कल्याणला घिऊन जाते. उंदराच्या तोंडी द्यायला न्हाई जल्मलं ते."

मुलीकडच्यांनी विहिणीपुढं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्यातली रीत. मी उघडलं. तुम्हीही त्याच खोलीत झोपला होता, तुम्हाला तरी कुठं चाहूल लागली, असं सुनावलं. त्यांनीही ठेवणीतलं काढलं. माझं घर म्हणजे आडत दुकान आहे म्हणाल्या. ते खरं होतं म्हणून मला जास्त झोंबलं. शेवटी लेक रडायला लागली, "कामून भांडायलाव तुमी दोघी? त्याला दूध उतरंना मला." तेव्हा दोघी गप्प झालो. दुपारच्या बसनं त्या गेल्या. बारशाच्या आदल्या दिवशी येते आणि घर बघते, असं बजावून गेल्या.

म्हणजे बारशापर्यंत घरातले उंदीर गेले तर लेक माझ्याकडं राहणार, नाहीतर कल्याणला जाणार. एवढा सरळ मामला होता. मी पदर खोचला.

औषध घालायची सोय नव्हती. बाळ घरात, आणि उंदीर पोत्यांमागं मरून पडला तर वासानं कोण टिकणार. पिंजरा आणला. त्यात भजं टांगलं. रोज एखादा सापडायचा, आणि हे तो स्कूटरवरून लांब सोडून यायचे. माझा संशय असा की हे कोपऱ्यावरच सोडतात आणि उंदीर ह्यांच्या आधी घरी येतो. शेजारची अक्का कन्नड बोलते आणि मी मराठी, दोघींचं आजवर कधी अडलेलं नाही. तिनं आपलं मांजर देऊ केलं. बाळंतिणीच्या घरात मांजर येऊ देत नाहीत, पण मी कानाडोळा केला आणि ते पोत्यांच्या खोलीत कोंडलं. पठ्ठ्या पोत्यांवर चढून दिवसभर झोपला. संध्याकाळी दार उघडलं तर जांभई देऊन, जेवायला अक्काकडं निघून गेला.

मी पोत्यांना टेकून बसले आणि रडले. लेकीसाठी केलेले लाडू तिच्याबरोबर डब्यात भरून द्यावे लागणार, हे डोळ्यापुढं दिसत होतं. ह्यांनी मला तसं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा. मिळेल त्या भावाला तूर घालायला हे निघाले होते. ह्यांच्या तोंडून गोड शब्द मी कधी ऐकला नाही, पण त्या टेम्पोइतकं गोड मला कुणी काही दिलेलं नाही.

हमाल शेवटची पोती उचलत होते आणि तेवढ्यात विहीणबाई पिशवी घेऊन दारात हजर. मी हातात झाडू घेऊन उभी. अगदी तळाचं पोतं सरकलं आणि एक उंदरीण सळकन भिंतीकडून बाहेर पळाली. पोत्याखाली घरटं होतं. सुतळीचे धागे, कागदाचे कपटे, आणि मधोमध मऊ पांढऱ्या कापडाच्या चिंध्या. चिंध्यांत गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती. मी झाडू उगारला. इतक्या दिवसांचा राग होता तो.

विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. त्या खाली वाकून त्या चिंध्यांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "असू द्या ईनबाई. ह्यांच्या धोतरात आणिक चार लेकरं निजली."

त्यांनी स्वतः सूप मागितलं, घरटं चिंध्यांसकट अलगद सुपात घेतलं, आणि मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये दगडांच्या आडोशाला ठेवून आल्या. हातपाय धुतले आणि मागच्या पायरीवर बसल्या. मी चहा नेऊन दिला. खोली रिकामी झालीय, आता उंदीर राहणार नाहीत, लेकीला ठेवून जा, असं मी हात जोडून म्हणणार होते. वाक्य मनात जुळवूनही ठेवलं होतं.

त्याआधी त्याच बोलल्या, चहाच्या कपाकडं बघत. "माझ्या घरात उंदीर बी न्हाई आता. एकटीची भाकरी. तीबी रोज थापत न्हाई. उंदीर तरी कामून यील?"

बाई फटकळ होती, पण आजवर मला जे कळलं नव्हतं ते एका दमात सांगून गेली. मुलगा हैदराबादेत, मालक गेलेले, आणि घरात एक तुकडासुद्धा सांडत नाही. तिला माझी लेक न्यायची नव्हती. तिला घरात रडणारं लेकरू हवं होतं, दोरीवर वाळणारी दुपटी हवी होती. मला हवं होतं तेच तिला हवं होतं, आणि आम्ही दोघी उंदराच्या निमित्तानं ते एकमेकींच्या हातातून ओढत होतो. मला तिच्यावर एवढी माया आली की मी सरळ तिच्या शेजारी पायरीवर बसले. विहिणीच्या बरोबरीनं बसू नये, पण बसले.

म्हटलं, "तुमी बी ऱ्हावा की हितंच. तीन महिने."

त्या दचकल्या. विहीण व्याह्याच्या घरी बारशाला येते, जेवते, आहेर घेते आणि जाते. मुक्काम टाकून राहत नाही. लोक तोंडात शेण घालतील म्हणाल्या. मी म्हटलं, लोकांचं मी बघते. ह्यांना हाक मारली आणि विहीणबाईंची पिशवी आत न्यायला सांगितली. ह्यांनी त्या दिवशी "बघू की" म्हटलं नाही.

बारसं झालं. पाळण्याची एक दोरी त्यांच्या हातात, एक माझ्या. त्यानंतर सकाळी बाळाला त्या न्हाऊ घालायच्या आणि मी पाणी ओतायची. लेकीच्या डोक्याला एक दिवस मी तेल लावायची, एक दिवस त्या. भांडणं झाली, नाही कशाला म्हणू, शेक किती द्यायचा यावरून तर रोज झाली. पण घरात दोन आज्या असलेलं बाळंतपण माझ्या लेकीला मिळालं. मला आयुष्यात हे मागायचं सुचलं नसतं.

एकदा कल्याणच्या त्यांच्या ओळखीच्या एक बाई बीदरला आल्या होत्या, त्या बाळाला बघायला म्हणून घरी आल्या. विहीण अजून इथंच, हे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि त्यांनी विचारलंच. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोवर विहीणबाई मांडीवरच्या नातवाला थोपटत, मान वर न करता म्हणाल्या, "काय सांगू बाई. उंदीर लई झालेत ह्यांच्या घरात. लेकरापाशी कुणीतरी बसाया पायजे." घरातला शेवटचा उंदीर जाऊन तेव्हा दोन महिने होत आले होते.