हरणी काहिलीला तोंड लावेना

कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला बाळासो चौगुल्यांचा गोठा आहे. म्हैस एकच, हरणी. संध्याकाळी लोक चरव्या घेऊन जमतात आणि बाळासो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, तोंडाचा फटकळ माणूस. ही धारेची वेळ नसती तर यांच्या दारात कुत्रंही फिरकलं नसतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांनाही ते ठाऊक आहे. म्हणूनच यंदा त्यांनी हरणी विकायची भाषा काढली तेव्हा मला ते खरं वाटेना.

सुरुवात झाली लाइट बिलापासून. दिवाळीनंतर ते फुगतच गेलं. बाळासोंनी तपासबिपास काही केला नाही, थेट सुनेवर ठपका ठेवला. संयोगिता घरूनच एका कंपनीचं काम करते, म्हणून तिचा कॉम्प्युटर डोळ्यांवर आला, मग वॉशिंग मशीन.

"घर न्हाय, कारखाना चालवतीया ही," असं ते धारेला आलेल्या लोकांसमोर म्हणायचे, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. बिचारीनं मशीन बंद ठेवून महिनाभर कपडे हातानं धुतले. बिल तेवढंच आलं.

त्यात हरणीनं वेगळंच सुरू केलं. पाण्याला धड तोंड लावेना. काहिलीजवळ नेली की पाय रोवायची आणि मागं सरायची. दूध निम्म्यावर आलं. आता ही काहील म्हणजे बाळासोंचं मोठं कौतुक. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळातली, रस आटवायची ती रुंद लोखंडी कढई. दिवाळीत त्यांनी ती आणली, गोठ्याची जमीन फोडून सिमेंटात पक्की बसवली आणि म्हशीचं पाणी तिच्यात भरायला लागले. आल्यागेल्याला हौसेनं दाखवायचे. तिच्यात काही वावगं असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून त्यांनी मीठमोहऱ्या उतरवल्या. त्यानं भागेना, तेव्हा दांडकं उचललं.

"माजलीया. रविवारी बाजारात उभी करतो," म्हणाले. पण हे सांगताना आवाज नेहमीसारखा चढला नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी विरजण मागायला गेले, तर संयोगिता मीटरसमोर उभी. घरातलं एकेक बटण बंद करून आली होती.

"मामा, इकडं या जरा," तिनं सासऱ्यांना हाक मारली. "फ्रीजसकट सगळं बंद केलंय. तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय बघा."

"मीटरच बिघडला असंल."

"बघू की. आता गोठ्याची लाइन बंद करते."

तिनं खटका खाली ओढला. दिवा लुकलुकायचा थांबला. बाळासो काहीतरी बोलणार एवढ्यात गोठ्यातून घटाघटा आवाज आला. तहानेली हरणी दिवसातून कितीदा तरी काहिलीकडे तोंड न्यायची आणि दचकून मागं घ्यायची. या वेळी तिनं ते मागं घेतलं नाही. काहिलीचा तळ दिसेपर्यंत ती पाणी पीत राहिली आणि बाळासो दारात उभे राहून नुसते बघत राहिले.

वायरमन अरबाज आला. त्यानं काहिलीखालचं सिमेंट उकरलं. पाण्याच्या मोटारीची वायर काहिलीखाली दबून सोलली होती आणि करंट काहिलीतून सारखा जमिनीत जात होता.

"मामा, असं झालं की सेफ्टीचा खटका आपोआप पडतोय. तुमचा कसा पडला न्हाय?"

"पडत हुता," बाळासो म्हणाले. "ऐन धारंच्या टायमाला अंधार व्हायचा, लोकं ताटकळायची. म्हणून मीच मधनं तार जोडली आणि गप केला त्येला."

अरबाजनं कपाळाला हात लावला. "तुमच्या पायात रबरी चप्पल हाय म्हणून वाचलासा. म्हस अनवाणी हाय की."

रविवारी बाजाराला कोणी गेलं नाही. काहील उखडून घरामागच्या परड्यात पडली होती आणि हरणीसमोर प्लास्टिकचा टब होता. संध्याकाळी आम्ही चरव्या घेऊन उभे होतो. धार काढता काढता बाळासोंनी हरणीच्या पोटाला डोकं टेकलं.

"चुकलं माझं. तुझी काय बी चूक नव्हती. उगंच बोललो, त्रास दिला तुला."

म्हशीशी बोलायला एवढा मोठा आवाज लागत नाही. शिवाय तिला त्यांनी मारलं होतं, बोलले होते ते दुसऱ्याच कुणाला.

थोड्या वेळानं आत वॉशिंग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. बाळासोंनी तो ऐकला, नाक ओढलं आणि माझी चरवी मागून घेतली.